केर

आमचे अप्पा हुपरीला चांदीकामाला बसायचे.
उठताना विजार झटकायचे ती परातीवर,
हात धुतलेलं पाणी बादलीत राखायचं,
जमिनीचा केर गोणीत.
वर्षाकाठी झारेकरी यायचा,
तो केर जाळायचा, धुवायचा, आटवायचा,
आणि अप्पांच्या तळहातावर
मसुराएवढा पांढरा थेंब ठेवायचा.
अक्षरं गिरवायच्या आधी मी हे शिकले:
केर टाकायचा नसतो.

म्हणूनच असेल,
ड्रायरच्या जाळीवरची ती मऊ पोळी
मी पहिले दोन महिने पिशवीत साठवली.
निळा गणवेश घाला, लाल टॉवेल घाला,
हळदीचे डाग पडलेला माझा गाऊन घाला,
निघायची ती करडीच.
वाटलं, उशी भरू.
मग कंटाळा आला,
उशीचा, आणि जाळी काढायचाही.

रुईकर कॉलनी, तिसरा मजला.
श्रावण निम्मा सरला तरी गॅलरीतल्या पाच दोऱ्यांवर
मोजे चार-चार दिवस लोंबकळत,
दप्तरातल्या वह्यांनासुद्धा ओलीचा वास.
म्हणून यंत्र आणलं, भिंतीला भोक पाडलं,
कबुतरं घुसू नयेत म्हणून ह्यांनी
बाहेरच्या तोंडावर तारेची जाळी ठोकली,
आणि स्वतःवर फार खूश झाले.

कपडे चाळीस मिनिटांत वाळायचे,
तव्यावरनं उतरलेल्या भाकरीसारखे गरम.
मग तासभर लागायला लागला.
मग दीड तास, तरी कमरपट्टे ओलेच.
आम्ही हवेला दोष दिला.
एका रात्री मात्र वास आला,
इस्त्रीखाली नायलॉन चिकटल्यासारखा,
आणि पत्र्यावर हात ठेवला तो मी झटकन काढला.

दस्तगीर शिकलगार आला
तो यंत्राकडं गेलाच नाही.
छत्री घेऊन खाली रस्त्यावर उभा राहिला,
मान वर करून बराच वेळ.
"वहिनी, मशीन चालू हाय न्हवं?
मग झडप का हलंना?"

मागचा पाइप त्यानं ओढून काढला.
सुरवंटासारखा, वळ्यावळ्यांचा, चकचकीत.
"दिसतोय चांदीचा, हाय प्लास्टिकचा," म्हणाला,
आणि मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं.
प्रत्येक वळीत केर बसलेला.
खांद्यापर्यंत हात घालून तो काढत राहिला,
काढत राहिला,
आणि ह्यांच्या त्या तारेच्या जाळीवर तर
घोंगडंच विणून तयार होतं.

चिमूटभर केर त्यानं गच्चीच्या पत्र्याखाली नेला.
काडी ओढली.
मी "अगं बाई" म्हणेपर्यंत संपलंसुद्धा.
राखही अशी की फुंकर मारायची गरज नव्हती.
ह्यांनी चष्मा पुसला.

नवा पाइप ॲल्युमिनियमचा, कडक, हातभर लांब,
एकही वाकण नाही.
तारेची जाळी भंगारात. बाहेर नुसती झडप,
वारा आला की उघडणारी, थांबला की मिटणारी.
जाता जाता दोरीवरचा टॉवेल त्यानं हुंगला.
"तालमीतला?"
विराजचा. मालिशच्या तेलाचा.
"ह्यो आत नगं. धुतला तरी तेल ऱ्हातंय त्येच्यात.
ह्येला दोरीच बरी.
आन् मशीन लावून झोपू नगा, भाईर जाऊ नगा."
चहा नको म्हणाला, पण प्यायला.

रविवारी अप्पांचा फोन.
सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,
"किती निघाला केर?"
"सिमेंटचं अर्धं पोतं."
"आणि?"
"टाकला."
फोनवर बराच वेळ
हुपरीतली कुठलीतरी हातोडी ऐकू येत राहिली.
"झारेकऱ्याला दाखवायचा तरी."
"दाखवला की. त्यानंच जाळला."
"काय निघालं?"

तेवढ्यात यंत्र वाजलं.
थांबा अप्पा, म्हटलं,
फोन खांद्यात धरला, जाळी उपसली,
बोटाच्या एका फराट्यात ती करडी पोळी सुटली,
कोमट, बिनवजनाची.
खिडकीतनं वाकून पाहिलं:
झडप हळूहळू मिटत होती,
आणि खालून जाणारी शिर्केंची सून
पावसात मधेच थांबून
साबणाचा वास कुठनं येतोय ते शोधत होती.